फाट्यापासून दिल्ली

आमच्या घरात अंतर भाकरीत मोजलं जायचं. कुणी गावाला निघालं की माय कधी विचारायची नाही, किती किलोमीटर. ती विचारायची, "काय बांधू?" बीडला जायचं असेल तर भाकरीत शेंगदाण्याची चटणी घालून दस्तीत गुंडाळली की झालं. औरंगाबादला, म्हणजे आता ज्याला संभाजीनगर म्हणतात तिथं, धपाटे लागायचे, कारण ते गार झाले तरी दातांना छळत नाहीत. पुण्याला दशम्या. दशमीचं पीठ दुधातच मळायचं, त्यात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, मग ती दोन-तीन दिवस मऊ राहते. पुण्याच्या पुढं आमच्यातलं कुणी गेलेलंच नव्हतं, त्यामुळे मायच्या चुलीवर पुण्यापलीकडची दुनियाच नव्हती. दशमी संपली की जग संपलं.

मी हे सगळं लिहून ठेवायला बसले तेव्हा आमच्याच संघटनेतल्या एकानं तोंडावर विचारलं, "तुझं वय काय आणि आत्मकथन कसलं लिहितीस बे?" त्याला म्हटलं, आठवीत होते तेव्हापासून तुमची पत्रकं मी लिहिते, तेव्हा कुणी वय विचारलं नाही. म्हातारी झाल्यावर लिहीन तेव्हा मला सगळं गोड आठवेल. मला ते राग जिवंत असतानाच लिहायचं आहे. आणि त्यातही त्या एका उन्हाळ्याचं लिहायचं आहे, कारण घरातून बाहेर पडणं म्हणजे काय ते मला त्या एका दिवसात कळलं.

पाटोद्याहून लिंबागणेशकडे जाताना मध्ये जो फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. लहानपणी मला पहाटे जाग यायची ती एसटीच्या आवाजानं. चढाला लागली की ती असा काही सूर काढायची, की गोठ्यातली म्हैसही कान हलवायची. माय म्हणायची, "उठ, गाडी चढाला लागली." पुढं फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता रुंद करायचा म्हणून गुत्तेदारानं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उकरला, कडेला खडीचे ढीग टाकले आणि आपली यंत्रं घेऊन निघून गेला. ढिगांवर गवत उगवलं, वाळलं, पुन्हा उगवलं. एसटी बंद झाली. गावात सकाळ उशिरा व्हायला लागली. ज्यांनी कधी एसटीची वाट पाहिली नाही त्यांना यात काही वाटणार नाही, पण एका गाडीचा आवाज बंद होणं म्हणजे काय ते मी सांगते: मुलींची शाळा सुटते. माझ्यासोबत दहावीला बसलेल्या पोरींपैकी पाटोद्याच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही फक्त दोघी पोचलो, आणि त्यातली दुसरी दिवाळीनंतर दिसली नाही.

माझे वडील, अण्णा, ज्वारी पिकवायचे आणि आंदोलनं करायचे. दोन्ही कोरडवाहू. आमच्या दोरीवर मायच्या लुगड्याशेजारी बॅनर वाळत पडलेलं असायचं. आंदोलनाचा भोंगा बाजेखाली ठेवलेला असे. एकदा त्यात कोंबडी अंड्यावर बसली. तहसीलपुढं धरणं ठरलं होतं. माय म्हणाली, "पिल्लं निघूस्तोर भोंगा हलणार न्हाई," आणि ते अख्खं धरणं आमच्या लोकांनी घसा फोडून केलं. अण्णांचा घसा पुढं आठवडाभर बसला होता. ते घरात हुकूम चालवणारे नव्हते. त्यांचा हुकूम फक्त एका ठिकाणी चालायचा: पत्रकात.

पत्रक लिहायचं त्यांनीच मला शिकवलं. पहिल्या ओळीत नमस्कार-चमत्कार नको. "विनंती" हा शब्द नको, विनंत्या करायला देवळं आहेत. एका कागदावर एकच मागणी, दोन झाल्या की साहेब त्यातली सोपी धरतो. आणि शेवटची गोष्ट ते बोट वर करून सांगायचे, "वैशे, लिव्हलं ते करायचं. करायचं नसंल तर लिव्हायचं न्हाई." पत्रकं पाटोद्याला झेरॉक्सच्या दुकानात गुलाबी कागदावर निघायची. गुलाबीच का, तर लग्नपत्रिका समजून लोक हातात घेतात आणि मग सोडता येत नाही, हे अण्णांचं शास्त्र.

त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि मला वकील व्हायचं होतं. एक संस्था खेड्यांतल्या मुलांना निवडून दिल्लीच्या कायद्याच्या कॉलेजात पाठवायची, राहणं-खाणं सगळं त्यांचं. लेखी परीक्षा मी पास झाले. मुलाखत दिल्लीत, समोरासमोर, आणि जो उमेदवार त्या दिवशी हजर नाही त्याची जागा पुढच्या नावाला. विमानाचं तिकीट त्यांनीच धाडलं. मग तिथल्या एका मॅडमचा फोन आला. माझ्या हिंदीत तेव्हा अर्धी मराठी असायची, पण त्यांचं मला सगळं कळत होतं.

"बेटा, टिकट औरंगाबाद से है, लेकिन मैंने नेट पर देखा, बीड से दिल्ली बाय एअर सिर्फ दो घंटे है. आराम से आना."

मी म्हटलं, मॅडम, बीडला विमानतळ नाही.

"नहीं नहीं, लिखा है यहाँ. हवाई दूरी भी दी है."

मी फोन ठेवला आणि जे डोक्यात गेलं ते आजतागायत उतरलेलं नाही. कुठल्या तरी यंत्रानं नकाशावर बीडवर एक टिंब ठेवलं, दिल्लीवर एक ठेवलं, मध्ये रेघ मारली, रेघेला विमानाच्या वेगानं भागलं आणि जगाला सांगून टाकलं, दोन तास. त्या रेघेवरून कुणी कधी गेलेलं नाही. जिथून विमान उडतच नाही तिथून ते किती वेळात पोचतं याचं उत्तर तयार आहे, आणि जिथून माणसं रोज निघतात त्या आमच्या फाट्यापासून बीडला किती वेळ लागतो हे कुठल्याच यंत्राला माहीत नाही! माय चुलीजवळ बसून ऐकत होती. तिची अडचण वेगळीच होती.

"दोन तास म्हनती का ती बाई?"

"व्हय."

"दोन तासात तर आपन बीडला बी पोचत न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग दिल्ली बीडच्या अल्याड हाय का? बांधू काय मी?"

अण्णा दारात बसून हसले. मग एकदम म्हणाले, "वैशे, हेच लिव्ह."

तेव्हा त्या उकरलेल्या रस्त्यासाठी रास्ता रोको ठरतच होता. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, आणि आजही मला ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक वाटतं. "दिल्ली बीडला जवळ, बीड आम्हाला लांब" हे वरचं नाव. खाली लिहिलं, की बीड ते दिल्ली हवाई अंतर दोन तास आहे असं शहाणे लोक सांगतात. आमच्या गावापासून बीडचं अंतर साहेबांनी स्वतः येऊन बघावं, गाडीतून नव्हे, आमच्यासारखं. आणि शेवटी: "सोमवारी फाट्यावर रुग्णवाहिकेशिवाय एकही गाडी सुटणार नाही. पुढाऱ्याची नाही, पाहुण्याची नाही, आमच्या स्वतःच्या घरची नाही." हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. आदल्या वर्षीच्या आंदोलनात कुणाच्या तरी मेव्हण्याचा ट्रॅक्टर हळूच सोडला होता, ते सगळ्या तालुक्यात झालं आणि लोक आम्हाला बघून मेव्हण्याची विचारपूस करायला लागले. असल्या टोमण्यानं आंदोलन मरतं. लाठीनं मरत नाही.

माझं विमान मंगळवारी दुपारी होतं, म्हणून सोमवारला माझी काही हरकत नव्हती. पण अण्णा निवेदन द्यायला गेले तेव्हा ठाण्यातून सांगितलं गेलं, की सोमवारी मोठा दौरा आहे, बंदोबस्त मिळणार नाही, मंगळवार करा. अण्णांनी तिथल्या तिथं मंगळवार केला. झेरॉक्सवाल्यानं सोमवारवर काट मारून पेनानं मंगळवार केला, प्रत्येक गुलाबी कागदावर. अण्णा घरी आले आणि मायच्या तोंडाकडे बघून त्यांना आठवलं.

"आंदोलन धाला हाय," ते म्हणाले. "पोरगी पहाटं निघंल. सलीमभाईची जीप सांगतो. फिकीर काय?"

सलीमभाई म्हणजे आमच्या वाटेवरचे वडापवाले. एसटी बंद पडल्यापासून सगळा गाव त्यांच्या जीपमध्ये कोंबून जायचा, काही आत, काही मागं लोंबकळत. माणूस शब्दाचा पक्का. मंगळवारी पहाटे मी नवा ड्रेस घालून, पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. माय मला विमानतळापर्यंत पोचवायला येणार होती. तिनं दशम्यांचं गाठोडं केलं होतं. शेवटी तिचं ठरलं होतं, की दोन तास म्हणू देत नाहीतर काही, लेकरू पुण्याच्या पुढं चाललंय, दशम्याच पाहिजेत. अण्णा पुढची तयारी करायला फाट्यावर गेले. आम्ही थांबलो. कोंबडे आरवून झाले. ऊन ओसरीवर आलं. जीप काही येईना. मायनं फोन लावला.

"वहिनी, मी तर बीडला हाय," सलीमभाई म्हणाले. "कालच गाडी इकडं आनली. आज बंद हाय ना? घरची बी गाडी सुटनार न्हाई म्हनून छाप्या ना तुमच्या पोरीनं. मेरेकू लगा, हिचं जानं बी पुढं ढकललं असंल."

त्या वाटेवरची वडापची एकही गाडी त्या पहाटे गावाकडं फिरकली नाही. माझ्या पत्रकानं इतकं चोख काम केलं होतं, की आंदोलन सुरू व्हायच्या आधीच रस्ता बंद झाला होता. पत्रक लिहिणाऱ्याला याहून मोठा मान नाही, पण त्या वेळी मला रडूच फुटलं. माय रडली नाही. ती डोक्यावर पदर घेऊन सरळ भानुदासमामांच्या वाड्यावर गेली. वाडा म्हणजे मेंढ्या-बकऱ्यांचा, काटेरी कुपाचा. भानुदासमामा गावाच्या वरच्या अंगाला राहायचे, त्यांच्याकडे एक छोटा टेम्पो होता आणि त्या दिवशी ते बकऱ्या घेऊन बाजाराला निघायच्या बेतात होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडं पत्रक पोचलंच नव्हतं.

"पुढं जागा न्हाई," ते म्हणाले. "पुढं बायको हाय. मागं बसता का?"

तर मी दिल्लीला निघाले ती बकऱ्यांत बसून. रस्ता उकरलेला, टेम्पो एका अंगावर कलायचा, मग सगळ्या बकऱ्या एका बाजूला, मग मी, मग माय. एक काळी शेळी दशम्यांच्या गाठोड्यात तोंड घालत होती आणि माय तिला माणसाला बोलावं तसं बोलत होती, "आगं, ह्या दिल्लीच्या हायत, तुपल्या न्हाईत." खडीच्या ढिगाला वळसा, ओढ्यात उतार, पुन्हा वर. गावची वाट मोठ्या रस्त्याला पाटोद्याकडच्या अंगानं मिळते, आणि फाटा दिसला तेव्हा आमच्या घोषणांचा आवाज यायला लागला होता. आम्हाला पोचायला तेवढाच उशीर झाला जेवढा व्हायला नको होता.

फाट्यावर रस्त्याच्या मधोमध बायका आणि माणसं बसलेली, दोन्ही अंगाला बैलगाड्या आडव्या लावलेल्या, आणि मध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून अण्णा. त्यांनी टेम्पो बघितला. टेम्पोत मला बघितलं. माझ्या केसात वाळका पाला होता. घोषणा बंद पडल्या. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. मी दिल्लीला निघालेय हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि आज नाही गेले तर जागा जाते हेही.

"सोडा ओ अण्णा," बसलेल्यांतला एक म्हणाला. "लेकराच्या शिक्षणाचं हाय."

दुसऱ्या बाजूनं, अडकलेल्या ट्रकच्या केबिनमधून, कुणीतरी ओरडलं, "सोडा की! मेव्हना गेला, आता लेक जाऊ द्या!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या हातात माझंच गुलाबी पत्रक होतं. मी टेम्पोतून उतरून त्यांच्यापुढं उभी राहिले.

"अण्णा, विमान जाईल."

"जाईल."

"मंग?"

"तूच सांग. ही गाडी सोडली तर त्यो ट्रक कावून धरून ठिवायचा मी?"

मी वळून ट्रककडं बघितलं. खूपदा लोक मला म्हणतात, की बापानं त्या दिवशी तुझ्यावर अन्याय केला. माझं मत वेगळं आहे. त्या दिवशी बैलगाडी बाजूला सरकली असती तर मी दिल्लीला पोचले असते, आणि रस्ता आजही खडीच्या ढिगाखाली असता, आणि त्याचं कारण मी असते. पण हे शहाणपण आता, चार भिंतींत बसून. तेव्हा मला फक्त अण्णांचा हात दिसत होता. त्या हातानं त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती गुडघ्याखाली दाबली.

तेवढ्यात माय टेम्पोतून खाली उतरली. तिनं माझी बॅग डोक्यावर घेतली, गाठोडं काखेत मारलं आणि बसलेल्या बायकांमधून वाट काढत निघाली. अण्णांच्या अगदी समोरून गेली.

"आगं कुठं निघालीस?" अण्णा.

"दिल्लीला."

"आगं पन रस्ता..."

"तुमी गाड्या आडवल्यात का मान्सं?" ती थांबलीसुद्धा नाही. "कागदावर गाडी सुटनार न्हाई असं हाय. मी काय गाडी हाय? चल गं वैशे."

मी तिच्यामागं धावले. पलीकडच्या अंगालाही गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या बीडकडून आलेल्या, तोंडं पाटोद्याकडं. आणि तिसऱ्याच नंबरला सलीमभाईंची जीप! त्यांना बीडला गप्प बसवलं नव्हतं. पाटोद्याच्या लग्नाचं वऱ्हाड मिळालं होतं, त्यांना वाटलं धाच्या आत निसटू. जीपमध्ये जरीच्या साड्या, फेटे, एक वाजंत्रीवाला, आणि सगळे घामानं निथळत आमच्या आंदोलनाला शिव्या घालत होते. लग्नाला पोचायला उशीर होत होता. माय जीपच्या दारापाशी उभी राहिली.

"सलीमभाई, ह्या पाव्हन्यांना पाटोद्याला जायचंय ना?"

"हां वहिनी."

"आन आमाला तिकडं. मंग गाड्या कावून वलांडायच्या? मान्सं वलांडा. ते आमच्या टेम्पोत बसत्याल, आमी तुमच्यात बसतो. तुमी तोंड फिरवा, भानुदास बी तोंड फिरवंल. रस्ता हाय तसा बंद."

सलीमभाईंनी एकदा मायकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "या अल्ला, ये तो किसीने सोच्याच नहीं!"

खरंच कुणी विचार केला नव्हता. इतकी वर्षं रास्ता रोको करून, अडकलेली माणसं उन्हात शिव्या देत बसायची, पोरं पाण्यासाठी रडायची, आणि तासाभरानं पोलीस त्यांच्याच नावानं आम्हाला उठवायचे. दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या रिकाम्या व्हायला तयार असलेल्या गाड्या उभ्या असायच्या आणि मध्ये आम्ही. पण वऱ्हाडातली एक जाडजूड मावशी ऐकेना.

"बकऱ्याच्या गाडीत बसू व्हय मी? ही पैठणी नेसून?"

भानुदासमामा तोवर बकऱ्या उतरवून लिंबाखाली सोडत होते. तिथनंच ओरडले, "बकऱ्या तुमच्यासंगं बसायला न्हाई म्हनल्या न्हाईत मावशी, तुमीच कावून म्हनता?"

यावर मावशीही हसली. भानुदासमामांनी टेम्पोत दोन घोंगड्या अंथरल्या. वाजंत्रीवाला पिपाणी वाजवत आंदोलनातून चालत गेला, आणि रस्त्यावर बसलेल्या बायकांनी त्याच्या तालावर घोषणा दिल्या. मागच्या ट्रकवाल्यांनीही बघितलं. कुणाचे मजूर इकडून तिकडं, कुणाचे बाजारहाट करणारे तिकडून इकडं. माणसं जात होती, गाड्या थांबल्या होत्या. बकऱ्या लिंबाखाली उरलेली गुलाबी पत्रकं खात होत्या. मी जीपमध्ये चढताना मागं वळून बघितलं. अण्णा जागचे उठले नव्हते. त्यांनी टॉवेल सोडून हवेत एकदा हलवला आणि पुन्हा डोक्याला गुंडाळला.

सलीमभाई बीडच्या स्टँडवर थांबलेच नाहीत. "आज एअरपोर्टलाच टाकतो बेटा, माझ्याच चुकीनं लेट झाला." गेवराई मागं पडली. वाळूच्या ट्रकांमागून धूळ खात, हॉर्न वाजवत, शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली, मायनं चालत्या जीपमधून हात जोडले आणि म्हणाली, "आजून किती बांधायला पाहिजे होतं काय म्हाईत." विमानतळावर शिपायानं तिला दारातच थांबवलं. ती काचेतून आत बघत होती, इमान कुठं उभं राहतं ते शोधत, जसं स्टँडवर फलाट शोधावा. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शेवटचा म्हणून बोर्डिंग पास दिला. तपासणीच्या तिथं बॅग उघडायला लावली. जवानानं दशम्या हुंगल्या, चटणी हुंगली, मग मला विचारलं, "ये बकरी की बू कहाँ से आ रही है?" मी म्हटलं, "मेरे से." त्यानं बॅग बंद केली.

विमानात खिडकी मिळाली. खाली औरंगाबादच्या बाजूचे डोंगर, मग मळे, मग काहीच ओळखीचं नाही. मी रस्ते शोधत होते. वरून सगळे रस्ते चांगलेच दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि लई राग आला. शेजारचा माणूस इंग्रजी वर्तमानपत्र वाचत होता. मी गाठोडं सोडून दशमी खाल्ली आणि अर्धी त्याला दिली. त्यानं आधी नको म्हटलं, मग खाल्ली, मग आणखी मागितली. पुढं काय झालं ते सांगून टाकते, मला ताटकळत ठेवणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत त्याच मॅडमनी विचारलं, प्रवास कसा झाला, दो घंटेही ना? मी पिशवीतलं गुलाबी पत्रक टेबलावर ठेवलं आणि त्याचा हिंदीत अर्थ सांगत गेले. बराच वेळ गेला. जागा मिळाली. आज मी बीडच्या कोर्टात वकिली करते, रस्त्यांच्या कामाचे खटले बहुतेक फुकट लढते, आणि आमच्या भागात रास्ता रोको असला की दोन्ही बाजूंना एक-एक कार्यकर्ता उभा असतो, माणसांची अदलाबदल करायला. नव्या पोरांना वाटतं ही आंदोलनाची जुनी रीतच आहे. मी त्यांना सांगत नाही, की ती एका बाईनं बॅग डोक्यावर घेऊन चालता-चालता काढली.

पण मला जे खरं लिहायचं होतं ते विमान उतरल्यावरचं. दिल्लीत बाहेर उजेड अजून बाकी होता. मी पट्टा सोडायच्या आधी फोन चालू केला आणि अण्णांना लावला. पलीकडून नुसता गलका, भोंगा, कुणाचं तरी हसणं.

"अण्णा, पोचले मी. तुमी कुठं हाव?"

"कुठं म्हंजी? फाट्यावर."

"अजून?"

"आगं, उठवायलाच कुनी येईना. शिव्या घालनारं मानूसच राहिलं न्हाई, सगळी गेली आपापल्या गावाला. पोलीस बी सावलीत बसून भाकरी खायला लागले. मंग उन्हं कलताना इंजिनेर आला." अण्णांचा श्वास लागत होता, किंवा ते हसत होते. "त्याची गाडी पल्याडच अडकली. म्हनला, रस्ता बघायचा हाय. म्हनलं, बघा की, गाडी सुटनार न्हाई पन मानूस जाऊ शकतो. भानुदासच्या टेम्पोत बसवून गावापतोर नेला आन आनला. मागं, बकऱ्याच्या जागी. उतरला तवा कंबर धरून उतरला बघ. मुकाट्यानं सही करून दिली, पंधरा दिसात काम चालू. न्हाई झालं तर हाय आपन आन हाय फाटा."

माझ्या पुढची माणसं उतरायला उभी राहिली होती. शेजारच्या माणसानं मला वाट दिली. मी पट्टा सोडला आणि गाठोडं काखेत मारलं. अण्णांनी आवाज खाली आणून, भोंग्यापासून बाजूला जाऊन विचारावं तसं विचारलं, "वैशे, दिल्ली लई लांब हाय का गं?"

"न्हाई अण्णा," मी म्हटलं. "फाट्यापसनं पुढं सगळं जवळच हाय."